पोट आत, श्वास बाहेर

तीस वर्षं मी लोकांची कपाटं चार-चार मजले चढवली, आणि आता पंचविशीतली एक पोरगी मला चटईवर आडवं पाडून पोट आत घ्यायला शिकवत होती. म्हणे पिलाटेस, कमरेचा व्यायाम. डॉक्टरने बजावलं होतं, हिने होकार दिल्याशिवाय कामावर जायचं नाही. माझ्या जागी थोरला पोरगा एकटा हमालांची टोळी सांभाळत होता, म्हणून आलो. नाहीतर मी कशाला मरायला येतोय इथं!

खोलीत आणखी चार बायका. एकीनेही भरलेली बादली कधी उचलली असेल तर शपथ. त्यांना सगळं जमत होतं, याचा जास्त संताप.

प्रकार तरी काय, तर उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, श्वास सोडत बेंबी आत ओढायची आणि कंबर जमिनीला टेकवायची. झालं. एवढ्यासाठी यांना पाण्याच्या बाटल्या लागतात!

बाईसाहेबांनी माझ्या कमरेखाली हात सरकवला आणि तो दाबायला सांगितला. मी छाती भरून घेतली, पोट दगडासारखं केलं. म्हटलं, बघ आता. तर म्हणे काहीच जाणवलं नाही, पुन्हा करा. सहाव्यांदा मी लालबुंद झालो, तेव्हा तिने हात काढून घेतला.

“काका, श्वास का धरताय?”

“ओझं असंच उचलतात. दम कोंडायचा, मग उठायचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात.”

“आणि शिकवणाऱ्यांच्या कमरा कशा आहेत?”

काय आगाऊ कार्टी! पण माझा उस्ताद शेवटची दहा वर्षं पट्टा बांधून फिरला. त्याचा भाऊ अंथरुणातून उठलाच नाही. आणि मी हा असा चटईवर.

तिने पुन्हा हात सरकवला. सातव्यांदा श्वास सोडला, निव्वळ तिचं तोंड बंद करायला. कंबर आपसूक खाली गेली आणि तिच्या हातावर टेकली. इतकं सोपं निघावं, याचीच चीड आली.

जिन्यातूनच थोरल्याला फोन लावला. म्हटलं, उचलताना श्वास सोडत जा, धरू नकोस. तो खो खो हसला. म्हणाला, बायकांच्यात बसून बिघडलात. सोळाव्या वर्षी दम सोडला म्हणून तुम्हीच माझ्या कानाखाली वाजवली होतीत.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. हे मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

तो हळूच म्हणाला, “बाबा, तुमचा तो कमरेचा मलम कुठं ठेवलाय?”