हौदातली रेघ

हौदाचा नवा गिलावा बघून माझं डोकंच फिरलं. पोहायच्या हौदाच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीला, चारी बाजूंनी करडी रेघ उमटली होती आणि तिथे हात फिरवला की कातडी सोलून निघत होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून व्हर्नाचा डावा पाय ओढतो. रोज पाण्यात भिंत धरून चालली तर पाय सुधारेल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तर हा जुना हौद दुरुस्त करून घेतला. आता माझी बायको धरणार काय?

गिलावा करणारा रिगो साल्सिदो आला आणि काठावर उकिडवा बसून रेघ निरखत राहिला. वाळवंटातल्या ट्यूसन शहराचं जूनमधलं ऊन. मी मुद्दामच त्याला सावलीत बोलावलं नाही.

"लायल, हौद भरताना मध्येच पाणी बंद केलंत तुम्ही."

"काहीतरीच काय! तळापासून काठापर्यंत नळी चालू होती."

"चढतं पाणी थांबलं की तिथेच डाग धरतो. म्हणून तर बजावलं होतं."

"काम तुझं बिघडलं आणि खापर माझ्यावर?"

तो पुन्हा रेघ निरखायला लागला. समोरचा शांत राहिला की मला जास्तच चीड येते.

"नळ मी बंद केला होता," मागच्या दारात खुर्चीवर बसलेली व्हर्ना म्हणाली.

"तू?"

"तू औषधं आणायला गेला होतास. पाणी आपलं वाहतंय, वाहतंय. आमची आई भांडी धुतलेलं पाणीसुद्धा झाडांना घालायची रे. मला ऐकवेना. मग आठवलं, थांबवायचं नाही म्हणून. पुन्हा जाऊन सोडला."

रिगो अवघडून खाली बघायला लागला. मी मात्र नळाकडे बघत होतो. नळ परसाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाशी आहे.

"व्हर्ना, तुझा वॉकर तर माझ्या गाडीत राहिला होता."

"हो ना. कुंपण धरून गेले."

"दोनदा?"

"दोनदा. रागावलास का?"

रागावतोय कसला! त्या परक्या माणसासमोर मला रडू फुटलं.

रिगो उठला. "रेघ घासून गुळगुळीत करून देतो. डाग मात्र जायचा नाही."

"डाग राहू दे," मी म्हणालो. "तिचा हात सोलला नाही पाहिजे, एवढंच बघ."