खिडकीतून तळं दिसत नव्हतं

निरीक्षकसाहेबांना निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण वजनमापे तपासण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती. भाजीवाल्याच्या तागडीखाली चिकटवलेलं मेण त्यांना लांबून दिसायचं. देवाने प्रत्येकाला काही ना काही देणं दिलेलं असतं. यांना संशय दिला होता, आणि तो हातचा राखून दिला नव्हता.

याच संशयापायी लेकीच्या साखरपुड्याआधी एक प्रकार घडला होता. होणाऱ्या व्याह्यांचं कापडाचं दुकान. हे गेले, चहा घेतला, आणि बोलता बोलता खिशातला टेप काढून व्याह्यांच्या गजाला लावला. गज चोख निघाला. व्याही हसले. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत, आणि लेकीला सासरी पहिली दोन वर्षं तो टेप ऐकून घ्यावा लागला.

म्हणून या सहलीची कल्पना लेकीचीच. साहेबांनी जुनी व्हॅन घेऊन तिचं चाकावरचं घर केलं होतं: आत दोन पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, छपरावर सोलर पॅनल. "आठवडाभर चौघं एकत्र राहा," ती म्हणाली होती. "शेवटच्या दिवशी आम्ही दोघं येतो. पण बाबा, तुमचा निरीक्षक घरी ठेवून जा. आणखी एकदा त्यांच्याकडे बोट दाखवलंत, तर मला त्या घरात मान वर करून वावरता येणार नाही. मी थट्टा करत नाहीये."

"छे गं," साहेब म्हणाले होते. आणि बॅटरी तपासायचा मीटर सामानात टाकला होता.

तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात मुक्काम पडला. व्हॅनमध्ये साहेब आणि बाई, शेजारी तंबूत व्याही आणि विहीणबाई. तंबूतला दिवा आणि छोटा पंखा व्हॅनमधून वायर काढून चालवला होता. पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना मागचं झाकण उघडून दोन काळ्या पेट्या दाखवल्या.

"गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी, ही वेगळी. ही डीप-सायकल. हिचा स्वभाव सावकाश द्यायचा, सावकाश घ्यायचा. पण अर्ध्याच्या खाली उतरवलीत, की रुसते. चार वेळा तसं झालं, की कायमची गेली म्हणून समजा. आणि पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही चार्ज झाल्यावर घालायचं. आधी घातलं तर उतू जातं."

"म्हणजे सासुरवाशिणीसारखी," व्याही म्हणाले आणि आपल्या काळ्याभोर मिशीवरून हात फिरवला. त्या वयात तशी मिशी साऱ्या पंचक्रोशीत नसेल. विहीणबाईंना तिचं भारी कौतुक.

दुसरा दिवस ढगाळ गेला. तिसऱ्या सकाळी साहेबांनी व्हॅनच्या आतल्या प्लगला मीटर लावला, तर काटा साडेबारा व्होल्टच्या बराच खाली. ढगांमुळे असेल, हे त्यांच्या मनात आलं. पण बाहेर येताच त्यांनी पाहिलं, की मागच्या झाकणापाशी, जिथे बॅटऱ्या आणि जास्तीचं सामान एकत्र ठेवलेलं होतं, तिथे व्याही उकिडवे बसलेत. साहेबांची चाहूल लागताच व्याह्यांनी काहीतरी टॉवेलात गुंडाळलं आणि "आज हवा छान आहे नाही?" असं म्हणत ते लगबगीने मैदानाच्या कडेच्या न्हाणीकडे गेले.

हवा छान नव्हती.

संशयाचं असं असतं, की त्याला एक बोट पुरतं. उरलेला हात तो स्वतः उगवून घेतो. साहेबांना आठवलं, तंबूतला दिवा काल बराच वेळ चालू होता. व्याह्यांकडे एक डबी आहे, ती ते कुणाला दाखवत नाहीत. आणि वाळत घातलेल्या त्या टॉवेलावर काळे डाग आहेत. बॅटरीच्या टर्मिनलवर बुरशी येते ती पांढरी, निळसर, काळी नव्हे. हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक? पण मन म्हणालं, काळं ते काळंच. हा माणूस बॅटरीला काहीतरी लावून बसतो.

बोलायची सोय नव्हती. लेकीचा शब्द आडवा येत होता. तेव्हा त्यांनी ठरवलं, पुरावा हाती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्याच दुपारी ते बाईंना म्हणाले, "जरा गाडी वळवून लावतो. खिडकीतून तळं दिसेल."

व्हॅन मागे घेतली, वाकडी केली, झाडाजवळ नेऊन उभी केली. खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि हातात पुस्तक घेऊन साहेब बसले. पुस्तकाचं पान मात्र उलटत नव्हतं.

"अहो, इथून तर तळं दिसतच नाही," बाई म्हणाल्या.

"दिसतं. मान वाकडी करावी लागते."

"मग समोर काय दिसतं?"

"झाडंबिडं."

बाईंनी डोकावून पाहिलं. समोर तंबूचं दार होतं. त्यांनी नवऱ्याकडे एकवार बघितलं आणि त्या वाटाणे सोलायला बसल्या. वाटाण्यांचा आवाज जरा जोरातच येत होता.

पुढचे दिवस आभाळ स्वच्छ होतं, ऊन कडक होतं, आणि तरी बॅटरी रोज आणखी खाली. सकाळी चार्जिंगचा हिरवा दिवा लागलेला साहेब स्वतः बघत. म्हणजे भरणा होतोय. मग जातं कुठे? दुपारभर ते खिडकीला चिकटून बसत, हिरव्या दिव्याकडे पाठ करून. व्याही तंबूबाहेर येत, आत जात, कपडे झटकत. एकदा त्यांनी थेट खिडकीकडे बघून हात हलवला. साहेबांनी पुस्तक वर धरलं. ते उलटं होतं.

त्या दिवसापासून व्याह्यांनी पंखा लावणं सोडलं, दिवाही लावेनात. साहेबांना वाटलं, सावध झालाय.

लेक यायच्या आदल्या दुपारी फ्रीज पीं-पीं करून बंद पडला. बॅटरी अर्ध्याच्याही खाली गेली होती. साहेब तणतणत बाहेर आले, आणि बघतात तो व्याही शिडी लावून छपरावर, पॅनलपाशी, हातात तोच टॉवेल.

"काय चाललंय वर?"

आवाज असा चढला, की विहीणबाई तंबूतून आणि बाई व्हॅनमधून एकदमच बाहेर आल्या.

"पुसतोय," व्याही वरून म्हणाले. "आमच्या पंख्याने तुमची बॅटरी बसली असं वाटलं. पंखा बंद केला, तरी बसतेच आहे. म्हटलं पॅनलवर धूळ असेल."

"धूळ! बॅटरी रोज कोण उतरवतंय, हे मला—"

"अहो!" बाई म्हणाल्या. त्या एका शब्दात उद्याची लेक होती, जावई होता, तो जुना टेप होता. विहीणबाईंचा चेहरा कडक झाला. साहेबांचं उरलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

"आधी वर या," व्याही शांतपणे म्हणाले. "मग काय म्हणायचं ते म्हणा."

साहेब चढले. वर पाहतात तो झाडाची एक फांदी ऐसपैस पसरलेली आणि तिची सावली पॅनलच्या अर्ध्या अंगावर पडलेली. एवढ्या मोठ्या पॅनलचा एक कोपरा झाकला तरी चार्जिंग मरतं, हे त्यांनी स्वतः पहिल्या दिवशी सगळ्यांना ऐकवलं होतं. सकाळी ऊन पलीकडून येतं, तेव्हा दिवा लागतो. दुपार झाली, की सावली सरकते. चोरी कुणी करतच नव्हतं. भरणाच होत नव्हता.

"गाडी पहिल्या जागी उघड्यावर होती," व्याही म्हणाले. "का हलवलीत?"

"तळं दिसावं म्हणून."

व्याही खाली उतरले, व्हॅनमध्ये शिरले आणि साहेबांच्या त्या खुर्चीत जाऊन बसले. साहेब मागोमाग गेले. न जाऊन करणार काय? व्याही खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोर तंबूचं दार, दोरीवर त्यांचा पायजमा. साहेबांना वाटलं, आता हा माणूस उठेल, सामान बांधेल, आणि उद्या लेक रिकामा तंबू बघेल.

"छान दिसतं हो तळं," अखेर व्याही म्हणाले. "नाडीसकट दिसतं."

साहेबांची मान खाली गेली.

"म्हणजे सकाळी टॉवेल घेऊन निघणारा मीही दिसत असेन."

व्याह्यांनी बाहेर एकदा बघून घेतलं, बायका लांब आहेत ना याची खात्री केली, आणि खिशातून एक डबी काढून साहेबांच्या तळहातावर ठेवली. आत काळं कुळकुळीत मलम आणि एक चिमुकला ब्रश.

"मिशीचं," ते पुटपुटले. "तंबूत लपवायला जागा नाही. हिला वाटतं, देवाची देणगी आहे. बत्तीस वर्षं वाटतंय. आता तुम्ही आणि मी, दोघांनाच माहीत."

आपल्याला मारायला त्याच्या हाती काठी आली असता त्या माणसाने तीच उलट आपल्या हाती द्यावी, याला काय म्हणावं? साहेबांनी डबी मिटली आणि दोन्ही हातांनी परत केली.

मग व्हॅन पुन्हा उघड्यावर नेली. व्याही मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास, बास म्हटलं ना!" असं ओरडत होते, आणि साहेब जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या अंदाजावर गाडी मागे घेत होते. छपरावर लख्ख ऊन आलं. हिरवा दिवा लागला तो लागलाच.

ऊन कलल्यावर व्याह्यांनी मीटर उचलला. "बघू का, किती भरली?"

"आत्ता नको. चार्जिंगवरून उतरली की लगेच जास्त दाखवते. जरा स्वस्थ बसू दे तिला, मग खरं सांगेल." साहेबांनी मीटर त्यांच्याच हातात राहू दिला. "तुम्हीच लावा मग. मी नाही बघत."

चहा झाला. विहीणबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. अजून त्या साहेबांशी बोलल्या नव्हत्या. टॉवेल हातात आला तशी त्यांनी तो उजेडात धरला.

"हे काळं कसलं हो? उद्या सूनबाई बघेल, म्हणेल काय उद्योग केलेत."

व्याह्यांचा कप बशीतच थबकला.

"बॅटरीचं आहे, विहीणबाई," निरीक्षकसाहेब म्हणाले, आवाजात जराही लटपट न होऊ देता. "टर्मिनलला काळी बुरशी येते. रोज सकाळी तेच पुसत होते बिचारे, आणि मी मात्र भलतंच समजत होतो. चुकलं माझं."

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "सांगायचं तरी," त्या म्हणाल्या, आणि साहेबांच्या कपात आपणहून आणखी चहा ओतला.

टर्मिनलवर काळी बुरशी कधीच येत नाही, हे जाणणारा त्या मैदानात एकच माणूस होता, आणि तो खिडकीकडे पाठ करून चहा पीत होता.