कॉन नावाचं फोल्डर

केरी या आयरिश परगण्यातल्या जुन्या गायकांची ध्वनिमुद्रणं जपणारा प्रोग्रॅम सोरखाने दोन वर्षं खपून लिहिला होता, तोही स्वतःच्या लिनक्स मशीनवर. तिथे सगळं सुरळीत चाले. तिथल्याच ट्रली गावच्या वाचनालयात विंडोज होतं. तिथे तो पहिल्याच दिवशी अडला. ज्या गायकाला गावात ज्या नावाने हाक मारत, त्याच नावाचं त्याचं फोल्डर होतं. चौऱ्याहत्तरांपैकी एकच फोल्डर काही केल्या बनेना: कॉनचं.

"CON हे नाव विंडोजने फार पूर्वीपासून स्वतःसाठी राखून ठेवलंय," तिने सहकारी डेक्लनला सांगितलं.

"मग त्याचं पूर्ण नाव घाल, कॉर्नेलियस कर की! चहा निवायच्या आत होईल."

सोरखाने कॉनच्या बायकोला, नोरीनमावशींना, फोन लावला.

"कॉर्नेलियस? हा कोण बाबा?" म्हातारी फणकारली. "बाप्तिस्म्यानंतर त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. लोक कॉनलाच शोधत येणार गं पोरी."

"कॉनच राहील, मावशी," सोरखा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण भलतंच कबूल करून बसलो. पण आता माघार नव्हती.

तिने ठरवलं, पडद्यावर नाव जसंच्या तसं दिसेल. डिस्कवर मात्र प्रत्येक फाइलला प्रोग्रॅम स्वतःच साधं, कुठेही चालेल असं नाव देईल. मग तिने जुनी सगळी नावं एकेक करून तपासली. विंडोजला खटकतील अशी: प्रश्नचिन्ह असलेली गाणी, विसर्गासारखी दोन टिंबं असलेली, शेवटी टिंब राहिलेली. आणि एका जागी ती थबकली. दोन मुद्रणांच्या नावांत फक्त लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक होता. लिनक्सवर त्या दोन फाइली होत्या. विंडोज असा फरक मानत नाही, म्हणून वाचनालयात एकच उरली होती. दुसरीने पहिलीला गुपचूप पुसून टाकलं होतं.

"अशा किती?" डेक्लनने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"नऊ. कॉनचं फोल्डर अडलं म्हणून, नाहीतर कळलंही नसतं."

डेक्लनने खुर्ची ओढली. तीन दिवस दोघं मॅक, लिनक्स आणि विंडोज अशी तीन मशीनं शेजारी मांडून बसले. मूळ मुद्रणं सोरखाकडे होती, म्हणून नऊही परत आणता आली.

शुक्रवारी नोरीनमावशी वाचनालयात आल्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी यादीतलं कॉनचं नाव स्वतः निवडलं आणि डोळे मिटले. गाणं संपल्यावर त्यांनी सोरखाचा हात धरला.

"याचा सूर चुकलाय इथे," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."