वॉर्डाबाहेरचं बाक

बिराप्पानं जोर लावला तशी करवत तुळईत अडकून बसली. पुढं जाईना, मागं येईना. त्यानं तुळईवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी मूठ ओढली. पातं वाकलं, कण्हल्यासारखं वाजलं आणि तिथंच राहिलं.

दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या चौकटी बसवणारा लालमहंमद सुतार हातातलं काम टाकून आला. त्यानं तुळईच्या पोटाखाली गुडघा देऊन ती जराशी उचलली. करवत सुटली.

"इतकी आवळून धरू नको," तो म्हणाला. "मेंढरू हाय का ते, पळून जायला?"

बिराप्पा हसला नाही. त्याची नजर बायकांच्या वॉर्डाच्या दाराकडं होती.

अणदूरजवळच्या वस्तीवरचा हा धनगर. बायको हरणाबाई मुदतीच्या तापानं पडली, तेव्हा तिला बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून मोटारीनं धाराशिवच्या दवाखान्यात आणली होती. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फक्त संध्याकाळी सोडत. उरलेला दिवस बाहेर, लिंबाखाली. बाकीच्या रोग्यांची माणसं जमिनीवर फडकं टाकून बसत, तंबाखू मळत, पेंगत. बिराप्पाला ते जमत नव्हतं. जन्मभर मेंढरांमागं चाललेले पाय. तो वॉर्डाला फेऱ्या घालायचा. खिडकीशी आला की पावलं मंद करायचा, आत काही दिसत नाही म्हणून पुन्हा चालू लागायचा.

शेवटी नर्सबाई पायरीवर आली. "अहो, बसा हो एका जागी. बघून मलाच भोवळ येते."

"बसू कुठं?" बिराप्पानं विचारलं.

नर्सबाईनं अंगणाकडं पाहिलं. सकाळी कुणीतरी पाणी सांडलं होतं, तिथं चिखल झाला होता, दुसरीकडं ऊन. ती आत गेली.

जुन्या इमारतीच्या छपराचं उतरवलेलं लाकूड मागं पडून होतं. लालमहंमदनं डॉक्टरांना विचारून त्यातलं थोडं मागून घेतलं आणि आपली जुनी हत्यारं बिराप्पापुढं ठेवली. "बसाय न्हाय जमत, तर दुसऱ्याला बसायला तरी कर काहीतरी."

बिराप्पानं आजवर कुऱ्हाड धरली होती, लोकर कातरायची कातर धरली होती. रंधा धरला नव्हता. पहिल्या दिवशी तो फळीत रुतत होता, नाहीतर वरच्या वर घसरत होता. जुने खिळे लागून पातं बोथट झालं. पायांना पाडलेल्या खाचा एवढ्या मोठ्या झाल्या, की पाय जोडणाऱ्या आडव्या पट्टीचं टोक त्यांत खुळखुळू लागलं. लालमहंमदनं पाचरी ठोकायला शिकवलं. बाक उभं राहिलं, पण डुगडुगत होतं. बिराप्पानं एक पाय कापला. मग दुसरा लांब वाटला. तोही कापला. असं करता करता बाक इतकं बुटकं झालं, की त्यावर बसणाराचे गुडघे हनुवटीला टेकायला लागले.

तरी माणसं बसली. चिखलापेक्षा बरं होतं.

रात्री तो बाकाशेजारीच घोंगडं टाकून पडायचा. पहाटे डोळा उघडला की मन वॉर्डात धावायचं. तिथं जाता येत नसे, म्हणून तांबडं फुटायच्या आत तो दुसऱ्या बाकाची फळी पुढ्यात ओढायचा आणि रंधा चालवायचा. लालमहंमद गावातून यायच्या आधी त्याच्या पायाशी भुश्शाचा ढीग झालेला असायचा.

एका संध्याकाळी हरणाबाईनं त्याला ओळखलं नाही. ती त्याच्याकडं बघून दिराला हाक मारत होती, मेंढरं आत घ्या म्हणत होती. कपाळ तव्यासारखं होतं. बिराप्पा बाहेर आला तो थेट वेशीपर्यंत चालत गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं हत्यारांना हात लावला नाही. फाटकापासून लिंबापर्यंत, लिंबापासून फाटकापर्यंत नुसता जात राहिला.

उजाडल्यावर नर्सबाईनं दारातून विचारलं, "आज काम बंद का?"

बिराप्पा जागीच थांबला. "आवाजाचा तरास व्हतोय का आत?"

"नाही. चालू द्या." ती वळली, पुन्हा थांबली. "ताप जरा उतरलाय रात्री."

त्यानं रंधा उचलला. त्या दिवशी पातं दोन ठिकाणी खोल रुतलं, फळीला खड्डे पडले.

ताप हळूहळू गेला. हरणाबाई उठून बसली, पेज मागू लागली. दुसरं बाक पुरं झालं त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. धाकटा भाऊ लिंबाजी बोलवायला आलाच होता.

"रानात काडी ऱ्हायली न्हाय," तो म्हणाला. "उद्या कळप नदीपल्याड हलवायचा. एकट्याला झेपंना मला."

"निघूच की," बिराप्पा म्हणाला. त्यानं घोंगडं गुंडाळून बांधलंही.

हरणाबाई भिंतीला धरून बाहेर आली. अंगावर नुसतं लुगडं उरल्यासारखी दिसत होती. ती नव्या बाकावर बसली. पाय जमिनीला नीट टेकले. तिनं फळीवरून तळवा फिरवला, खड्ड्यांपाशी बोटं थांबली.

"लगीच निघायचं का?" तिनं विचारलं.

"मोटार हाय दुपारची."

तिनं वॉर्डाच्या दाराकडं पाहिलं. "माझ्या शेजारच्या खाटंवर अजीजाबी हाय. मुरुम गावची. मोतीबिंदू काढलाय. दोनी डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची न्हाय का कूस बदलायची न्हाय. तिला दिस कुटला, रात कुटली, कळत न्हाय."

"मग?"

"तुमचा रंधा वाजला की म्हनायची, हरणे, उजाडलं गं. मग च्या मागायची. त्या दिशी वाजला न्हाय, तर घाबरी झाली. रडाया लागली. म्हनली, रात सरंना."

"तिचं कुणी न्हाय का?"

"लेक हाय. सांजंला येतो." हरणाबाईनं पदर सारखा केला. "परवा पट्टी काढत्यात."

लिंबाजी बुटक्या बाकावरून उठला. "वैनी, मेंढरं थांबत्याल का परवापतूर?"

बिराप्पा फाटकापर्यंत गेला, सडकेकडं बघत उभा राहिला आणि परत आला.

"तू हो म्होरं," तो भावाला म्हणाला. "तुझ्या सासऱ्याला घे संगं. आमी गाठतो."

"लाकूड तरी हाय का आता?" लिंबाजीनं विचारलं. मागची जागा रिकामी होती. उरलेलं सामान गाडीनं गेलं होतं. बिराप्पा नव्या बाकाकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी लालमहंमद नेहमीपेक्षा लवकर आला. अजून नीट दिसत नव्हतं. हरणाबाई लिंबाखाली घोंगडं पांघरून झोपली होती. बिराप्पा तयार बाकावर वाकून रंधा मारत होता. खड्डे केव्हाच घासून सपाट झाले होते. रंध्याचं पातं वर ओढून घेतलं असावं, कारण खाली भुस्सा जवळजवळ पडतच नव्हता. नुसता आवाज येत होता, लांब, एकसारखा.

"झालंय की रे ते," लालमहंमद म्हणाला.

"व्हय चाचा," बिराप्पा म्हणाला आणि रंधा पुन्हा फळीच्या टोकाशी नेला.