राइस मिलच्या जागेतली माती

मी गिरमिट बोलतोय. सुताराच्या पेटीतलं नव्हे हं, मातीत शिरणारं! वर धरायला आडवा दांडा, खाली लांब लोखंडी अंग आणि टोकाला पोकळ, दातेरी तोंड. दोन हातांनी गरगर फिरवलं की मी जमिनीत उतरतो आणि तोंडभर माती घेऊन वर येतो.

१९९९ साली नागपूरच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. जिथे डिझेल नाहीतर ऑइल जमिनीत मुरल्याचा संशय, तिथे माझी वरात! जागामालक आधीच सांगायचे, "इथं काही नाही हो." मग माती वर आली की तेच नाकाला रुमाल लावायचे. मला भारी गंमत वाटायची. लाड मात्र खूप झाले. एका खड्ड्याची घाण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी साबणाने आंघोळ. असं सुख कुदळीच्या नशिबी कुठलं?

२०१२ साली माती तपासणाऱ्या रंजिता मॅडम मला तिरोड्याजवळच्या एका गावी घेऊन गेल्या. तिथली राइस मिल कधीची बंद पडली होती. मिलचं इंजिन डिझेलवर चालायचं आणि त्याची टाकी जमिनीत पुरलेली. आता त्या जागेवर मिलच्या जुन्या मजुरांना घरांसाठी प्लॉट मिळणार होते, पण माती चांगली निघाली तरच. देवाजी त्या मिलचा इंजिनवाला. तो आणि त्याची बायको कलाबाई जन्मभर दुसऱ्याच्या पडवीत राहिलेले. कलाबाईने तर चूल कुठे मांडायची तेही ठरवून ठेवलं होतं.

मॅडमनी पंधरवड्याआधी येऊन खड्ड्यांच्या जागी बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. एकेक खुंटी उपटायची आणि तिथेच मला उतरवायचं. पहिल्याच खड्ड्यात मला ऑइलचा भपकारा आला. मॅडमनी चिमूटभर माती ग्लासभर पाण्यात टाकली, तर वर रंगीत तवंग! दुसऱ्या खड्ड्यात तेच, तिसऱ्यातही तेच.

"मावशी, इथे घरं होणं कठीण दिसतंय," मॅडम हळूच म्हणाल्या.

कलाबाईने त्या ग्लासात डोकावून पाहिलं. "काऊन जी? मिल बंद पडून इतके वर्सं झाले ना!"

मला फार वाईट वाटलं. अशी वाईट बातमी माझ्याच तोंडातून यावी, याचा रागही आला.

एका ठिकाणची खुंटी गावातल्या बकारामच्या बैलाने पहिल्याच दिवशी उखडून टाकली होती. तिथली जागा मॅडमनी टेपने मोजून काढली. मी खाली गेलो आणि चक्रावलोच. वास नाही, तवंग नाही, नुसती माती! मॅडमनी पडलेल्या खुंट्या उचलून पाहिल्या. सगळ्यांची टोकं काळी.

"काका, या खुंट्यांना काय लावलंय?"

"जळकं ऑइल," देवाजी मोठ्या कौतुकाने म्हणाला. "उधई लागते ना म्याडम बांबूले, वाळवी. कुंपनाचे खुंट आमी असेच बुडवून गाडतो. तुमच्या खुंट्या खराब नाही व्हाव्या म्हून तुमी गेल्यावर दुसऱ्या दिवशी उपटून बुडवल्या अन् परत तिथंच गाडल्या."

"काय केलं जी तुमी!" कलाबाई उसळली. "कोनं सांगतला होता हा शहानपना? आपलंच घर बुडवून राहिले होते!"

मॅडमना हसू आवरेना. देवाजी मात्र पार ओशाळला.

मग मला पुन्हा आंघोळ आणि जुन्या खड्ड्यांपासून दूर नवे खड्डे. टाकीजवळ खोलवर डिझेल खरंच मुरलेलं निघालं. तो कोपरा वगळला. बाकी माती चांगली आहे, असं नागपूरच्या प्रयोगशाळेनेही कळवलं. देवाजीच्या प्लॉटात शेवटचा खड्डा करताना मी मिलच्या जुन्या पायावर आपटलो आणि कमरेत वाकलो. नेमक्या मोजमापाच्या कामातून बाद! मॅडमनी मला देवाजीकडेच ठेवलं.

आता त्यांचं दोन खोल्यांचं घर उभं आहे आणि मी न्हाणीच्या भिंतीला टेकून असतो. गंज चढलाय, पण मजेत आहे. परवा कलाबाईने मला ओढत परसात नेलं आणि खड्डा करून घेतला. मी सवयीने माती हुंगली. चांगली होती. आता तपासणीसाठी बाटलीत भरतील, चिठ्ठी लावतील, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

कलाबाईने त्या खड्ड्यात पपईचं रोप लावलं. माझ्या खड्ड्यात कोणी काही लावायची ती पहिलीच वेळ. देवाशपथ सांगतो, मला रडू आलं.