ब्रेकबाईचा पाय

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईला सगळी गल्ली ब्रेकबाई म्हणायची, आणि तिनेही ते नाव दागिन्यासारखं मिरवलं होतं. तिच्या लहानशा गाडीच्या टपावर पिवळी पाटी होती, शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक होता आणि शेजारच्या सीटखाली तिच्यासाठी दुसरा. शिकणारा गोंधळला, खांबाकडे मायेने निघाला, की तिचा उजवा पाय खाली जायचा आणि खांबाची गळाभेट राहून जायची. इतकी वर्षं हे चालल्यावर पायाला खोडच लागली. दूध उतू जाऊ लागलं की आधी तिचा पाय जमीन दाबायचा, मग हात गॅसकडे धावायचा.

"फरशी झिजली तर घरमालकाला काय सांगू?" नवरा विचारायचा.

नवऱ्याचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान. दुकानात आरसे दोन, खुर्च्या दोन, हसू मात्र एकच, पण ते अख्ख्या रस्त्याला पुरायचं. जिना उतरावा तसं ते यायचं, खि खि खि खि, आणि शेवटच्या पायरीवर पाय घसरावा तसं नाकातून खुर्र करून आपटायचं. ते ऐकायला डोक्यावर केस नसलेली माणसंसुद्धा येऊन बसायची. हेच हसू, जसंच्या तसं, लेकीला आलं होतं. गाल भरून खायची म्हणून ती खारूताई. वापरून वापरून त्यातली ताई झिजली आणि खारू उरली. बाप हसला की लेक हसायची, लेक हसली की बापाला पुन्हा यायचं, आणि ब्रेकबाई भाजी चिरता चिरता म्हणायची, "अरे, कुणीतरी ब्रेक लावा रे."

मग ते हसू आटलं.

एकदम नाही. आधी खारू तोंडावर हात धरून हसू लागली. मग नुसते ओठ हलवून. शाळेच्या सकाळी तिचं पोट दुखायचं आणि सुट्टीच्या सकाळी बरं असायचं. एका संध्याकाळी बाबाने दुकानातली गंमत आणली. डोक्यावर मोजून चार केस असलेला एक म्हातारा खुर्चीत बसला आणि म्हणाला होता, "भांग मधोमध पाडा, दोन इकडे, दोन तिकडे, भांडण नको."

खारू म्हणाली, "छान आहे."

विनोदाला छान आहे म्हणणारं माणूस त्या घरात आजवर जन्मलं नव्हतं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही."

हे काही नाही ब्रेकबाईच्या ओळखीचं होतं. आपली गाडी कुठेतरी ठोकून आलेले शिकाऊ हेच म्हणायचे, आणि मागे बंपर लोंबत असायचा. अशा माणसाला कसं झालं, का झालं विचारलं की तो वकील होतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती काही विचारायचीच नाही. टेबलावर काडेपेटी, खोडरबर, पेनांची टोपणं ठेवायची आणि म्हणायची, तुम्ही कुठे होता तेवढं मांडा. मांडता मांडता माणसं आपोआप बोलायची.

जेवणं झाल्यावर तिने ताटं उचलली, चमचे तसेच राहू दिले. मिठाचा डबा मधे ठेवला.

"ही तुझी शाळा."

"शाळा एवढी बुटकी नसते," खारू म्हणाली.

"मग तू मांड. मी काय शाळेत येते का रोज?"

खारूने डबा बाजूला सारला. मग तिने झाकणांवर झाकणं रचून जिना केला आणि त्याला एक वळण दिलं. वळणावर मोठा डाव उभा केला, त्याच्या मागे दोन चमचे. त्यांच्यापुढे बाटलीचं एक छोटं बूच. आणि अगदी दूर, टेबलाच्या कडेला, चहाचा एक बारका चमचा.

"हा डाव कोण?"

"लांबवेणी. वरच्या वर्गातली. या तिच्या दोघी." खारूने डाव बुचावर वाकवला. "मी एकदा वर्गात हसले, ते त्यांनी ऐकलं. आता मी जिन्यावर दिसले की त्या खुर्र करतात. हसले नाही तरी करतात. वाट अडवतात. म्हणतात, डुकरासारखं खुर्र कर, मग जा."

"मग?"

"मग मी करते. नाहीतर घंटा होते ना."

बाबाने डाव उचलला आणि खणाकडे निघाला. "याचं नाव आधी शाळेतून काढतो. उद्या येतोच मी, बघू कुठली वेणी किती लांब राहते ते. कात्री माझीच आहे."

"बाबा, ठेव तो तिथे. तू आलास तर त्या तुझ्या हसण्याचीपण नक्कल करतील."

बाबाने डाव होता तिथे ठेवला. नाकावरचा राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवत नव्हतं. "हसू माझंच आहे गं ते," तो हळू म्हणाला. "आधी कळलं असतं तर मी दुसरं एखादं हसलो असतो."

"मला हेच हवंय," खारू म्हणाली. मग टेबलाखाली वाकून बघत, "आई, पाय."

ब्रेकबाईचा पाय फरशीत रुतायचा बाकी होता. तिने तो उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवला.

"ऐक. चाक तुझ्या हातात. कुणाला सांगायचं, कधी, कसं, ते तू ठरव. पण गप्प बसणं हा रस्ता नाही, तिकडे वळायचं नाही. शाळेतल्या एका तरी मोठ्या माणसाला हे कळायलाच हवं."

"आणि ब्रेक?"

"तो माझ्याकडे. कुणी ढकललं, जिन्यावर हात लावला, तर मी तुला विचारत बसणार नाही."

खारूने विचार केला. "बरं."

"अगं, मग घोडं कुठे पेंड खातंय?" बाबा बायकोला म्हणाला. "मोठ्या बाई तुझ्याकडेच शिकतात ना? घाल गाडी चौकात, बंद पाड, आणि म्हणावं, आता ऐका."

मोठ्या बाई म्हणजे खारूच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नुसत्या बघण्याने त्या अख्खी रांग सरळ करायच्या.

"नको," खारू म्हणाली. "त्या बघतात. त्यांनी बघितलं की माझ्या तोंडातलं सगळं वाळतं."

झालं. शब्द दिला होता. आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाई शिकायला आल्या.

शाळेत वाघ असलेल्या मोठ्या बाई स्टिअरिंगमागे शेळी व्हायच्या. दोन्ही हातांनी चाक असं धरायच्या, जणू ते पळून जाणार आहे. डोळे समोर, मान ताठ, आणि ओठांवर ब्रेकबाईने सगळ्यांना पाठ करायला लावलेलं गाणं:

आधी आरसा, मग इशारा,
मग हळूच सोड किनारा.

ब्रेकबाईच्या तोंडाशी सगळं आलं होतं. दात आवळून तिने ते आत ठेवलं, तर ते पायात उतरलं. रिकाम्या, सरळ रस्त्यावर गाडी गचका खाऊन थांबली.

"काय झालं? कुत्रं आडवं आलं?" मोठ्या बाईंनी समोर बघतच विचारलं.

"विचार आडवा आला. चला पुढे."

आणि तेव्हा ब्रेकबाईच्या ध्यानात आलं. एवढा गचका बसला, तरी बाईंची मान वळली नव्हती. मागच्या सीटवर हत्ती येऊन बसला असता, तरी त्यांनी समोरच बघितलं असतं.

घरी जाऊन तिने लेकीला एवढंच सांगितलं, "मोठ्या बाई गाडी चालवताना कुणाकडेच बघू शकत नाहीत."

खारूने गालातला घास गिळला. "कुणाकडेच?"

"देवाशप्पथ."

"मग मी मागे बसते," खारू म्हणाली.

मोठ्या बाईंना ब्रेकबाईने आधीच विचारलं, लेकीला काहीतरी सांगायचंय, गाडीतच सांगेन म्हणते, चालेल का. बाई म्हणाल्या, "मला गाडीत ऐकू येतं की नाही तेच माहीत नाही. पण बसू दे." खारू मागे बसली. समोर करड्या केसांचा आंबाडा होता, आणि आंबाड्याला डोळे नसतात. गाडी निघाली, बाजाराचा रस्ता संपला, आणि खारूने आंबाड्याला सगळं सांगितलं. जिना, वळण, डाव, दोन चमचे, घंटा.

ती बोलू लागली तशी गाडी हळू झाली. सायकलवाला पुढे गेला. शिडी खांद्यावर घेतलेला रंगारी पुढे गेला. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला, ब्रेकबाईने खिडकीतून हात काढून त्याला वाट दाखवली. तिचा पाय ब्रेकवर तरंगत होता. दाबायचा नाही, ती स्वतःला म्हणत होती, चाक खारूच्या हातात आहे, जाऊ दे. चौकाशी येऊन गाडी आपणहून बंद पडली.

"मी रोज त्या जिन्याने जाते," मोठ्या बाई समोर बघत म्हणाल्या. "मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही आलात की त्या माझे केस नीट करतात," आंबाड्यामागून उत्तर आलं. "तुम्हाला वाटतं किती गुणाच्या मुली."

"वाटलं खरं. मला तसंच वाटलं." बाईंनी चाकावरचा एक हात काढला, चष्मा सारखा केला आणि हात घाईने परत ठेवला. "तू सांगितलंस ते बरं केलंस. आता काय व्हायला हवं?"

खारूने हे बहुधा घरीच योजलं होतं. "सगळ्यांसमोर काही नको. वळणावर कुणीतरी मोठं माणूस उभं हवं. आणि तिघींना वेगवेगळं बोलवा. एकत्र असल्या की त्या मोठ्या होतात. आणि बाबाला बोलवू नका, तो रडेल."

ब्रेकबाईला एकाएकी खोकला आला.

"करते," बाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला याच गाडीत बसून मला सांगायचं, होतंय की नाही ते. मी विसरले तर रागवायचं." मग त्यांनी किल्ली फिरवली आणि डोळे वर करून मधल्या आरशात पाहिलं. आरशात फक्त दोन डोळे मावले, तेही खारूचेच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि कुणाच्याच तोंडाला कोरड पडली नाही.

"आज न सांगता आरसा बघितलात," ब्रेकबाई म्हणाली.

"शिकतेय," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यानंतर सगळं साखरेसारखं गोड झालं असं नाही. मोठ्या बाई आपला चहा घेऊन रोज जिन्याच्या वळणावर उभ्या राहू लागल्या. तिघी एकेकट्या त्यांच्या खोलीत जाऊन आल्या आणि येताना लहान होऊन आल्या. तरी फाटकाबाहेर कधीतरी बारीकसं खुर्र कानावर यायचंच. खारू ते घरी सांगायची, आणि पुढच्या खेपेला आंबाड्यालाही सांगायची. मग मोठ्या बाईंचा चहा फाटकाशी यायचा.

एका दुपारी ते खुर्र ऐकून खारू थांबली. आधी तिने आजूबाजूला पाहिलं. मग भिंतीशी उभ्या असलेल्या, कायम नुसतं बघणाऱ्या मुलीला, टेबलाच्या कडेच्या त्या बारक्या चमच्याला, हात केला. "येतेस माझ्याबरोबर?" त्या मुलीलाही कुणीतरी विचारायचीच खोटी होती. किनारा सोडून ती आली.

आली ती घरीच आली. ब्रेकबाईने गॅसवर दूध ठेवलं. बाबा जेवायला दुकानातून आलेला होता. बरेच दिवस तो दुकानातसुद्धा ओठ मिटून हसत होता, आणि गिऱ्हाइकं विचारत होती, दात दुखतात का. नवी मुलगी बघून त्याला राहवलं नाही. त्याने चार केसांच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. दोन इकडे, दोन तिकडे, भांडण नको.

ती मुलगी हसली. तिचं हसू उचकीसारखं होतं, हुक, हुक, आणि प्रत्येक हुकेला ती खुर्चीवरून जराशी उडत होती. बाबाने आपलं हसू गालात कोंडलं. तो लाल झाला, मग जांभळा झाला.

"बाबा, हस ना," खारू म्हणाली. "फुटशील."

तो फुटला. खि खि खि खि, आणि नाकातून खुर्र. खारूचा हात सवयीने तोंडाकडे निघाला. ब्रेकबाई ओट्याला पाठ लावून बघत राहिली. हात हनुवटीपर्यंत गेला, तिथे थोडा रेंगाळला, आणि मग त्याने टेबलावरचा बारका चमचा उचलून त्या मुलीच्या हातात दिला, कारण ती हसता हसता खाली पडायला आली होती आणि तिला काहीतरी धरायला हवं होतं. मग खारू हसली. सगळा जिना उतरून, शेवटच्या पायरीवर घसरून, खुर्र.

मागे दूध वर आलं, पातेल्याच्या काठावर थांबलं आणि ओट्यावर सांडलं.

ब्रेकबाईचा पाय हललासुद्धा नाही.