टेस्ट नावाचा फोटो

रुग्णालयात त्यांना सगळे फोटोमास्तर म्हणत. अठ्ठावीस वर्षं तळघरातल्या एक्स-रे खोलीत लोकांच्या छात्यांचे फोटो काढणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? माणूस कामात पक्का आणि तेवढाच घमेंडखोर. फोटोत काही वेडंवाकडं दिसलं की आधी यंत्राला शिव्या घालायच्या, मग माणसाकडे बघायचं, ही त्यांची पद्धत. बहुतेक वेळा दोष यंत्राचाच निघायचा, आणि त्यानंच त्यांचा घात केला.

आठ महिन्यांपूर्वी यंत्र बिघडलं. मेकॅनिकनं फोटो टिपणारी प्लेट उघडून दुरुस्त केली. अशा वेळी माणसाऐवजी पाण्याची बादली ठेवून फोटो काढून बघायचा असा नियम. पण मास्तर नियमांच्या वरचे. शर्ट काढून स्वतःच उभे राहिले आणि मेकॅनिकला म्हणाले, "दाब बटण."

पडद्यावर फुफ्फुसं छान उमटली. उजवीकडे वर एक ठिपका होता, वाटाण्याएवढा.

"प्लेटवर घाण सोडलीस," मास्तर कडाडले.

"नाही हो, नीट पुसलीय मी."

"मग हा काय माझ्या छातीत उगवला?"

मेकॅनिकनं निमूटपणे प्लेट पुन्हा पुसली. मास्तरांनी तोवर शर्ट घातला होता, तो परत काढायचा कंटाळा, म्हणून या खेपेला बादली ठेवली. फोटो स्वच्छ आला. आधीचा 'टेस्ट' या नावानं कॉम्प्युटरमध्ये पडून राहिला, आणि मास्तर आठवडाभर मेकॅनिकची फजिती मीठमसाला लावून सांगत हिंडले.

पुढे खोकला लागला तो हटेना. वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं. सीटी स्कॅन झाला, पाठीतून सुई घालून गाठीचा तुकडा तपासायला गेला. फुफ्फुसाचा कॅन्सर, यकृतात आणि मणक्यांत पोचलेला.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "ऑपरेशनची वेळ गेलीय. काही जणांना गोळ्या लागू पडतात, पण तुमच्या गाठीची तपासणी केली, तुम्हाला त्यांचा उपयोग नाही. केमो देऊ. त्यानं आजार काही महिने आवरेल, बरा होणार नाही."

शेजारी बायको बसली होती. मास्तरांनी तरी विचारलंच, "आठ महिन्यांपूर्वी सापडलं असतं तर?"

"तेव्हा लहान असेल, पसरलेलं नसेल. तेवढा भाग काढला असता, बहुतेक बरे झाला असतात. पण खोकला नसताना छातीचा फोटो काढतं कोण?"

बायकोनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. बहिणीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, लेकीला फोनवर रडत रडत सांगितलं. "कोणालाच कळलं नसतं गं. कळण्यासारखं असतं तर यांच्या नजरेतून सुटलं असतं का?" मास्तर पलंगावरून ऐकायचे आणि तोंडाशी आलेलं गिळून टाकायचे. आजार कळल्यावर, अजून कामावर जात असताना त्यांनी तो 'टेस्ट' फोटो उघडून ठिपका मापला होता. एक सेंटिमीटर. खरं सांगावं तर हिचा एवढाच आधार जाणार, आणि न सांगावं तर लबाडी उरावर घेऊन मरायचं.

दुसऱ्या केमोनंतर पोटात पाणी ठरेना. बायको भांडं धरून बसली होती. त्यांचं तोंड पुसत ती म्हणाली, "एक बरं आहे, आपल्या हातून काही चुकलं नाही."

मास्तरांना ते सोसेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं; ठिपका, मेकॅनिक, बादली, काही लपवलं नाही.

तिनं विचारलं, "लेकीला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका." ती उठली, भांडं धुऊन आणलं, त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी केली आणि पलंगाच्या कडेला बसली. "काही चुकलं नाही, तेवढंच मनाशी म्हणून मला झोप लागायची हो. मला तरी कशाला सांगितलंत?"

सांगितलं की हलकं वाटेल, अशी मास्तरांची समजूत होती. त्यांना पुन्हा उलटी आली, तेव्हा तिनं भांडं पुढं धरलं आणि तोंड दुसरीकडे केलं.